कॅरॅव्हानलाही विंटर टायर लागतात का? की ऑल सीझनवर भागेल?

तुम्ही जर्मनीत राहता, ख्रिसमसला कॅरॅव्हान, म्हणजे कारमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन ऑस्ट्रियात जायचंय आणि विचारताय की कॅरॅव्हानच्या चाकांनाही विंटर टायर सक्तीचे आहेत का. जर्मनीत नाहीत. बर्फ किंवा निसरडं असेल तेव्हाची सक्ती ओढणाऱ्या गाडीला आहे, ट्रेलरला नाही. पण "सक्ती नाही" या दोन शब्दांवर विसंबून मी बायको-मुलीचा जीव धोक्यात घातला होता, म्हणून लिहितोय.

कॅरॅव्हान सेकंडहँड घेतली होती, एका अ‍ॅक्सलची, म्हणजे दोनच चाकांची, 1500 किलोची. कारला नवे विंटर टायर घालून घेतले तेव्हाच हिचेही बदलू म्हणत होतो. आमचे साडू इथे माझ्या बारा वर्षं आधी आलेले, त्यामुळे गाडीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "अरे, नियमातच नाही तर पैसे कशाला घालवतोस? नक्षी बघ, नव्यासारखी आहे." नक्षी खरंच सात मिलिमीटर होती. कॅरॅव्हान वर्षातून दोनदा निघते, नक्षी झिजणार कुठून? टायरच्या कडेला डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, टायर कधी बनला त्याचे, ते मात्र आम्ही दोघांनीही पाहिले नाहीत. 2311, म्हणजे 2011 सालचा तेविसावा आठवडा. त्याला दहा वर्षं होऊन गेली होती. समर टायर, त्यात रबर पार कडक झालेलं.

फेब्रुवारीत दक्षिणेच्या डोंगराळ आल्गॉयहून परतताना उल्म शहर सोडलं आणि बर्फ सुरू झाला. ए 8 ऑटोबानवर आल्ब डोंगराचा उतार लागला तेव्हा मी पन्नासनेच चाललो होतो. पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले, मी ब्रेकवर पाय ठेवला. फक्त ठेवला. मागून एक धक्का बसला आणि डाव्या आरशात रस्त्याऐवजी कॅरॅव्हानची पांढरी भिंत दिसायला लागली. खिडकीवरचा मुलीने चिकटवलेला फुलपाखराचा स्टिकरसुद्धा दिसला. त्या आरशात तो कधीच दिसत नाही. बायको एवढंच म्हणाली, "अहो." मी पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि ती भिंत हळूहळू आरशातून मागे गेली. ट्रकच्या आणि आमच्या मध्ये फार तर दोन गाड्यांची जागा उरली होती.

साडू आजही म्हणतात, "तू ब्रेक जोरात मारलास." चार वर्षं प्रत्येक दिवाळीला हेच. म्हणून नीट सांगतो. कॅरॅव्हानचा ब्रेक माझ्या पायाला जोडलेला नसतो. कार हळू झाली की कॅरॅव्हान मागून ढकलते, दोघींना जोडणाऱ्या कपलिंगचा दांडा आत दबतो आणि त्या दाबाने तिचे ब्रेक लागतात. उतारावर तर ती आधीच ढकलत असते. या ब्रेकला चाक लॉक होऊ न देणारं एबीएस नाही. बर्फावर कडक रबराची चाकं तिथेच लॉक होतात आणि लॉक झालेल्या चाकाला आडवी पकड राहत नाही, मग मागचा भाग सरकतो. कार जितकी चांगली थांबते तितकी मागची जास्त ढकलते. म्हणजे पुढे उत्तम विंटर टायर आणि मागे जुने समर, ही जोडी सगळ्यात वाईट. मी पाय हळू ठेवला की जोरात, हा प्रश्नच नाही. साडूंना हे कागदावर काढून दाखवलंय.

तर कॅरॅव्हानलाही विंटर टायर घाला. आमच्यासारखी 1500 किलोची एका अ‍ॅक्सलची असेल तर टायरवरचा लोड इंडेक्स (वजन पेलण्याचा आकडा) किमान 98, म्हणजे टायरमागे 750 किलो. मी थोडा वरचा घेतला. कॅरॅव्हानच्या मागे ताशी 100 च्या परवानगीचा स्टिकर असेल आणि ऑटोबानवर 80 ऐवजी त्या वेगाने जायचं असेल, तर टायर सहा वर्षांच्या आतले लागतात, तेव्हा ते आकडे तसेही वाचायचेच आहेत.

ऑल सीझनचं म्हणाल तर कॅरॅव्हानला मी आता तेच घातलेत, डोंगरात हिमकण असलेल्या चिन्हाचे. कारलाही तेच चिन्ह बघा. टायरवर नुसती एम प्लस एस (M+S, चिखल आणि बर्फ) ही खूण असेल तर तो जर्मनीत 1 ऑक्टोबर 2024 पासून विंटर टायर म्हणून चालत नाही. ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल रस्ता हिवाळी, म्हणजे बर्फाचा किंवा निसरडा, असेल तर कारला विंटर टायर लागतात आणि नक्षी किमान चार मिलिमीटर, तेव्हा निघण्याआधी मोजा.

हे सगळं जर्मनी-ऑस्ट्रियापुरतं. स्वीडनला जाणार असाल तर कारला खिळ्यांचे टायर असले की हिवाळी रस्त्यावर ट्रेलरलाही खिळ्यांचेच लागतात. आणि कॅम्पिंगच्या जागी पोहोचल्यावर कॅरॅव्हानचा हँडब्रेक ओढून ठेवू नका, रात्री गोठून चिकटतो. चाकांखाली ठोकळे लावा.