मुंबईचं ‘गो ९२.५’ हे एफएम रेडिओ स्टेशन बंद पडलं का? आज ९२.५ वर ते का लागत नाही?

बंद पडलं नाही. नाव आणि जागा बदलली. मिड-डे समूहाने २००२ मध्ये सुरू केलेलं ‘गो’ पुढे ‘रेडिओ वन’ झालं आणि ९४.३ वर गेलं.

त्या काळच्या खासगी स्टेशनांचं मूळ दुखणं परवान्याचं. खासगी एफएमच्या परवान्यांच्या पहिल्या टप्प्यात मुंबईचं वार्षिक शुल्क ९.७५ कोटी रुपये होतं, दरवर्षी १५ टक्के वाढ. म्हणजे दुसऱ्या वर्षी सुमारे ११.२ कोटी, तिसऱ्या वर्षी १२.९ कोटी. जाहिराती येवोत न येवोत, पैसे भरायचेच! त्याच काळातलं ‘विन ९४.६’ यात टिकलं नाही. २००५ च्या धोरणात एकरकमी प्रवेश शुल्क आणि महसुलातला ४ टक्के वाटा (किंवा त्या शहराच्या राखीव, म्हणजे आधारभूत, प्रवेश शुल्काच्या १० टक्के, जे जास्त ते) आला, तेव्हा कुठे धंदा जमू लागला.

आता आकड्याचं. एका शहरात दोन स्टेशनांत ०.८ मेगाहर्ट्झ अंतर ठेवलं, की ओळ अशी येते: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. ९२.५ त्यात बसतच नाही, ९२.७ वरच्या ‘बिग एफएम’पासून ते फक्त ०.२ वर. इतक्या जवळ दोन्ही स्टेशनं एकमेकांत मिसळतात, स्वस्त रेडिओवर तर हमखास.