आधी सांगलीच्या तारखा, मग शनिवार-रविवार

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो. माझं माहेर सांगलीत विश्रामबागला, सासर साताऱ्याचं. सहा महिन्यांपासून आम्ही दोघं वेगळे राहतोय. घरं चालत दहा मिनिटांवर आहेत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चारचा. मुलं कुणाकडे किती दिवस राहणार, यावरून रोज वाद होतो. जुलैत मी मुलांना घेऊन सांगलीला येतेय. आई म्हणते, आता परत जाऊच नकोस, पोरांना इथंच शाळेत घालू. काय करू?

उत्तर : आईच्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच म्हटलं असतं. पण वकील म्हणून सांगते, तो विचार डोक्यातून काढा. "भारतानं हेग करारावर सहीच केलेली नाही, कोण काय करणार?" असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेलच. सही केलेली नाही, हे खरं. पळवून आणलेली मुलं परत पाठवण्याबद्दलचा तो करार १९८०चा आणि भारत त्यात नाही. पण म्हणून कुणी काही करू शकत नाही, असं नाही. मुलांचे वडील हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलांना कोर्टापुढे हजर करा असं सांगणारा अर्ज, उच्च न्यायालयात दाखल करू शकतात. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला त्या न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे सांगली-साताऱ्याच्या अर्जांसाठी मुंबईला खेटेही घालावे लागत नाहीत.

निकाल काय लागेल? २०१७मध्ये नित्या आनंद राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं इंग्लंडच्या कोर्टाचा आदेश असूनही मुलीला आईजवळ भारतात राहू दिलं. २०२०मध्ये यशिता साहू खटल्यात त्याच न्यायालयानं आईला मुलीसह अमेरिकेला परत जायला सांगितलं. दोन्हीकडे कसोटी एकच होती, मुलाचं हित. त्या दोन निकालांच्या मधल्या जागेत मुलांना उभं करायचं का, हे तुम्ही ठरवा. मुलगा पाचच्या आत आहे म्हणून तो आपोआप तुमचा, असंही समजू नका. १९५६च्या कायद्यात पाच वर्षांखालचं मूल "सर्वसाधारणपणे" आईकडे, असा शब्द आहे, आणि त्याच कायद्यात मुलाचं हित सगळ्याच्या वर ठेवलंय.

आता वेळापत्रक. आपल्याकडे अजून मुलांचा "ताबा" म्हणतात, जमिनीचा म्हणतात तसा. इंग्लंडनं २०१४पासून मूल कुणाकडे "राहतं" आणि कुणासोबत "वेळ घालवतं" एवढंच आदेशात लिहायचं ठरवलं. लग्नाचे आईवडील असल्यामुळे वेगळे झालात तरी पालकत्वाची जबाबदारी दोघांचीही कायम राहते. कोर्टात जाण्याआधी बहुतेकांना मध्यस्थाची एक माहिती-बैठक घ्यावीच लागते. तिथंच मिटलं तर पैसेही वाचतील.

घरं इतकी जवळ आहेत, हे तुमचं नशीब. एकाआड एक शनिवार-रविवार आणि मधे एक संध्याकाळ, हा जुना रिवाज. त्यात एक पालक घर चालवतो आणि दुसरा पाहुणा होतो, म्हणून मला तो फारसा आवडत नाही. अंतर जास्त असेल तर मात्र इलाज नसतो. आठवडा-आठवडा वाटून घेतला तर नऊ वर्षांची मुलगी निभावून नेईल, चारच्या मुलाला सात दिवस फार लांब वाटतात. तुमच्यासाठी मी असं सुचवीन : सोमवार-मंगळवार कायम तुमच्याकडे, बुधवार-गुरुवार कायम त्यांच्याकडे आणि शुक्रवार ते रविवार आलटून पालटून. मुलांना वार पाठ होतात. वर्षभरानं पुन्हा बसून बघायचं, हेही लिहून ठेवा.

पण आपल्या माणसांची भांडणं बुधवार-गुरुवारवरून कमी आणि भारताच्या तिकिटावरून जास्त होतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून उलट्या बाजूनं सुरुवात करा. आधी सांगली-साताऱ्याच्या तारखा ठरवा, बाकीचं वर्ष त्याभोवती बसवा. इंग्लंडमधल्या शाळेची मोठी सुट्टी साधारण सहा आठवड्यांची, जुलैअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. समजा चार आठवडे भारतात, तर दोन विश्रामबागला, दोन साताऱ्याला. वडील स्वतः आले नाहीत तरी आजी-आजोबांचे दोन आठवडे कापू नका. एका कुटुंबात दोन्ही आजोबा कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर भेटतात. पोरगं आणि भडंगाची पिशवी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, चहा होतो, दोघे आपापल्या गाडीत बसतात. मुलांचे आईवडील एकमेकांशी बोलत नाहीत, पण हे चाललंय.

गणपतीचं वचन मुलांना देताना कॅलेंडर बघा. २०२५मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, तेव्हा जमलं असतं. २०२६मध्ये अधिक महिन्यामुळे ती १४ सप्टेंबरला, म्हणजे तिथली शाळा सुरू झाल्यावर. दिवाळी कधी ऑक्टोबरअखेरच्या तिथल्या शाळेच्या सुट्टीजवळ येते, कधी पुढे सरकते. म्हणून "दिवाळी एक वर्ष आईकडे, एक वर्ष बाबांकडे" एवढंच न लिहिता लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ कुणाकडे, हे लिहा.

आणखी एक. जुलै-ऑगस्ट म्हणजे कृष्णेच्या पुराचे दिवस. ऑगस्ट २०१९ आठवा. विमान चुकलं तर कुणाला, किती तासांत कळवायचं, नवं तिकीट कुणी काढायचं, हेही कागदावर घ्या. नाहीतर अडकलेल्या बाईवर मुलं अडवून ठेवल्याचा आरोप व्हायला वेळ लागत नाही.

कोर्टाचा आदेश नसेल तर मुलांना देशाबाहेर नेण्यासाठी वडिलांची संमती लागतेच. ती नसताना नेणं हा तिथं १९८४च्या कायद्यानं गुन्हा आहे. मूल तुमच्याकडे राहतं असा आदेश असेल तर महिन्याच्या आतल्या प्रवासाला संमती लागत नाही. तरीही जाण्या-येण्याच्या तारखा आणि इथला पत्ता घातलेलं, त्यांच्या सहीचं पत्र घ्या आणि पासपोर्टसोबत ठेवा.

तुम्ही इथं असताना वडिलांच्या फोनची वेळही ठरवा. यशिता साहू निकालात न्यायालयानं व्हिडिओ कॉलवर खास भर दिलाय. तिथल्या उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. इथले रात्रीचे आठ म्हणजे तिथं दुपारचे साडेतीन, तेव्हा ते ऑफिसात असतील. त्यापेक्षा इथले संध्याकाळचे पाच, त्यांची जेवणाची सुट्टी.

हे सगळं इतकं बारीक का सांगते? आमच्या इथं कोर्टाच्या आवारात झालेली एक भेट अजून डोळ्यांपुढून जात नाही. वडील दीड वर्षानं परदेशातून आलेले, मुलगा सहाचा. त्यांनी आणलेले बूट दोन नंबर लहान निघाले. पोरगं काही बोललं नाही. मागची बाजू टाचेखाली दाबली, चपलेसारखे पायात सरकवले आणि तसंच फटफट करत गेटपर्यंत गेलं.

आईला सांगा, मुलं जुलैत येतायत, भडंग करून ठेव. परतीच्या तिकिटाचा फोटोही तिला आत्ताच पाठवा.