'हुल्लडबाज', 'चेंगराचेंगरी' आणि हिल्सबरो

प्रश्न असा आहे : इंग्लंडमधल्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावरच्या दुर्घटनेच्या स्मृतिदिनानिमित्त मराठीत टिपण लिहिताना '१९८९ साली फुटबॉल हुल्लडबाजांच्या चेंगराचेंगरीत ९७ जण ठार झाले' असे वाक्य केले आहे. इंग्रजी 'हूलिगन'ला 'हुल्लडबाज' चालेल का? आणि 'चेंगराचेंगरी' हा शब्द इथे बरोबर बसतो का?

आधी उत्तर देतो. 'हुल्लडबाज' काढून टाका, कारण ते इथे खोटे आहे. 'चेंगराचेंगरी' मथळ्यात खपून जाईल, पण मजकुरात 'चेंगरून', 'गुदमरून' अशी क्रियापदे वापरा. आणि 'ठार झाले' ऐवजी 'जीव गेले' किंवा 'मृत्युमुखी पडले' लिहिलेत तर अधिक बरे.

शब्द निवडण्याआधी घडले काय ते पाहू. १५ एप्रिल १९८९, शेफील्डचे हिल्सबरो मैदान, एफए चषकाचा उपांत्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभ्याने सामना पाहायच्या पायऱ्या होत्या आणि तिथली १०,१०० तिकिटे लिव्हरपूलच्या प्रेक्षकांकडे होती. एवढ्या लोकांना आत घ्यायला टर्नस्टाइल, म्हणजे एकेकाला आत सोडणारी फिरती दारे, होती फक्त ७. बाहेर दाटी वाढत गेली, तेव्हा २ वाजून ५२ मिनिटांनी बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकनफील्ड यांनी बाहेर पडण्यासाठी असलेले 'सी' फाटक उघडायचा हुकूम दिला. फाटकातून आत येणाऱ्याला समोरच बोगदा दिसे. त्याचा उतार सहास एक, म्हणजे चांगलाच तीव्र, आणि तो थेट ३ आणि ४ क्रमांकाच्या जाळीबंद कप्प्यांत निघे. हे कप्पे आधीच भरले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण बोगद्याचे तोंड बंद करून लोकांना तिकडे वळवायला कोणालाही उभे केलेले नव्हते.

दोन्ही कप्प्यांची मिळून अधिकृत क्षमता २,२०० होती. कठडे आणि जाळीतली दारे सुरक्षेच्या नियमांत बसत नसल्याने ती १,६९३च धरायला हवी होती, असे नंतरच्या तपासणीत निघाले. प्रत्यक्षात तिथे अंदाजे ३,००० माणसे कोंडली गेली. सामना ३ला सुरू झाला. ३ क्रमांकाच्या कप्प्यातला दाब अडवणारा एक कठडा मोडला. पंचाने ३ वाजून ६ मिनिटांनी खेळ थांबवला.

यातली बहुतेक माणसे उभ्या जागी गुदमरली. छाती फुगायला जागाच उरली नाही की श्वास आत जात नाही, मग माणूस कितीही धडधाकट असो. मागच्यांना पुढे काय चालले आहे ते दिसत नव्हते आणि पुढच्यांच्या तोंडासमोर पोलादी जाळी होती. कोणी कोणाला तुडवत पळाले नाही, पळायला जागाही नव्हती. त्यामुळे 'पायदळी तुडवले गेले' हा बातमीतला ठरीव प्रयोग इथे साफ चुकतो. घाबरलेला लोंढा एका दिशेने धावत सुटणे वेगळे आणि दाटीत जागच्या जागी चेपले जाणे वेगळे. इंग्रजीत या दोन प्रकारांना दोन शब्द आहेत. मराठीत दोन्हींना आपण 'चेंगराचेंगरी'च म्हणतो, म्हणून फरक क्रियापदाने दाखवावा लागतो : पहिल्या प्रकाराला 'पळापळीत तुडवले जाणे', दुसऱ्याला 'दाटीत गुदमरणे'.

आता 'चेंगराचेंगरी'ची घडण पाहा. मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी, कापाकापी या शब्दांच्या पंगतीतला हा शब्द. संस्कृतात केशाकेशि, मुष्टामुष्टि असे शब्द होतात. पाणिनीने त्यांच्या अर्थाला 'कर्मव्यतिहार' म्हटले आहे, म्हणजे दोघांनी तीच क्रिया एकमेकांवर करणे. मराठीतली सगळी द्विरुक्ती अशी नसते. शोधाशोध, धावाधाव, सारवासारव यांत परस्परांचा संबंध नाही, नुसती क्रियेची घाई आणि पुनरावृत्ती आहे. 'चेंगराचेंगरी' मात्र 'ढकलाढकली'च्या बाजूला पडते. लोकांनी एकमेकांना चेंगरले, असे कानाला ऐकू येते. त्यात 'झाली' हे क्रियापद जोडले की फाटक, बोगदा, जाळी, बंदोबस्त हे सगळे वाक्याबाहेर जाते आणि आत उरते ती फक्त गर्दी.

हा शब्द वर्ज्य करा असे म्हणणे नाही. मांढरदेवीला २००५ साली आणि प्रभादेवीच्या रेल्वे पुलावर २०१७ साली जे झाले त्याला महाराष्ट्राने हाच शब्द वापरला आणि तो रूढ आहे. पण तो अपुरा कुठे पडतो, हे नागपूरने दाखवले आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधानभवनावर आलेल्या मोर्चात ११४ गोवारींचा जीव गेला. त्या घटनेला कोणी 'चेंगराचेंगरी' म्हणते, तर कोणी 'गोवारी हत्याकांड'. कोणता शब्द तोंडात येतो त्यावरून बोलणारा जबाबदारी कोणावर टाकतो ते कळते.

विभक्तीनेही असाच फरक पडतो. 'गर्दीने चिरडले' यात गर्दी कर्ता होते. 'गर्दीत गुदमरले' यात गर्दी हे फक्त ठिकाण असते. हिल्सबरोसाठी दुसरी रचना घ्या.

याहून बारीक सापळा 'उघडणे' या धातूत आहे. 'तुटणे' आणि 'तोडणे' अशी जोडी मराठीत आहे, त्यामुळे फाटक आपोआप तुटले की कोणी तोडले ते क्रियापदच सांगते. 'उघडणे'ला अशी जोडी नाही. 'दार उघडले' हे वाक्य दार आपण होऊन उघडले तरी खरे आणि कोणी उघडले तरी खरे. 'फाटक उघडले आणि लोक आत घुसले' असे लिहिले की कर्ता गळतो, वर 'घुसले' या क्रियापदाने दोष लोकांच्या माथी जातो. हिल्सबरोच्या बाबतीत हा तपशील कळीचा आहे. चाहत्यांनी फाटक जबरदस्तीने उघडले, असे डकनफील्ड यांनी त्याच दुपारी फुटबॉल असोसिएशनच्या अधिकाऱ्याला सांगितले. ते असत्य होते, आणि ते तासाभरात जगभर पोहोचले. म्हणून कर्ता लिहाच : 'पोलिसांनी फाटक उघडले आणि प्रेक्षकांना आत सोडले.'

वाक्य असे करता येईल : 'शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात १५ एप्रिल १९८९ रोजी पोलिसांनी फाटक उघडून आत सोडलेले प्रेक्षक आधीच भरलेल्या कप्प्यांत कोंडले गेले; तिथल्या दाटीत चेंगरून, गुदमरून लिव्हरपूलच्या ९७ प्रेक्षकांचे जीव गेले.' लांब आहे, पण त्यातला एकही शब्द फुकट नाही.

आता 'हुल्लडबाज'. मराठीत हा शब्द तसा मवाळ आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री गडावर दारू पिऊन धिंगाणा घालणारे, पावसाळ्यात भुशी धरणावर आरडाओरडा करणारे, यांच्यासाठी वर्तमानपत्रे तो रोज वापरतात. १९७०-८०च्या दशकांत इंग्लंडमधल्या क्लबांच्या मागे ज्या टोळ्या होत्या त्यांचे काम धिंगाण्यावर थांबत नसे. ते स्वतःच्या टोळीला 'फर्म' म्हणत. दुसऱ्या टोळीशी कुठे भिडायचे ते आधी ठरे, चाकूही निघत. अशांना 'दंगेखोर' किंवा सरळ 'फुटबॉल गुंड' म्हणा. मैदानात बाटल्या फेकणे, खुर्च्या मोडणे इथपर्यंत 'हुल्लडबाजी' ठीक. इटलीतले 'अल्ट्रा' हे आणखी वेगळे : झेंडे, ढोल, अख्ख्या गॅलरीभर पसरलेली चित्रे हे त्यांचे मुख्य काम. त्यांच्यातले काही गट हिंसक असतात, सगळे नसतात. त्यांना सरसकट गुंड म्हणू नये.

'हुल्लडबाजी' कमी पडते त्याचे उदाहरण लिव्हरपूलच्याच इतिहासात आहे. २९ मे १९८५, ब्रसेल्सचे हेझेल मैदान, लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस, युरोपियन चषकाची अंतिम लढत. लिव्हरपूलच्या चाहत्यांचा एक जमाव मधले तकलादू कुंपण ओलांडून 'झेड' विभागातल्या प्रेक्षकांवर धावून गेला. तिथली माणसे मागे सरकत भिंतीशी दाबली गेली आणि शेवटी भिंत कोसळली. ३९ जण गेले, त्यांत ३२ इटालियन. पुढे लिव्हरपूलच्या १४ चाहत्यांना सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली आणि इंग्लिश क्लबांना ५ वर्षे युरोपीय स्पर्धांची दारे बंद झाली. मोडके मैदान आणि तोकडा बंदोबस्त यांचाही दोष होताच, पण सुरुवात हल्ल्याने झाली. इथे 'दंगल', 'हल्ला' हेच शब्द हवेत.

हेझेल आणि हिल्सबरो यांत ४ वर्षांचेही अंतर नाही, म्हणून लिहिताना दोन्हींची सरमिसळ होते. त्या वेळीही झाली. लिव्हरपूलचे चाहते म्हणजे गुंड हे लोकांच्या मनात बसले होते, त्यामुळे हिल्सबरोबद्दलचे असत्य लगेच पटले. 'द सन' या ब्रिटिश दैनिकाने चौथ्या दिवशी पहिल्या पानावर, चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले आणि पोलिसांवर लघवी केली, असे छापले. ते खोटे होते. लिव्हरपूल ज्यात येते त्या मर्सीसाइड भागात त्या दैनिकावरचा बहिष्कार अजून उठलेला नाही. इकडे दुर्घटनेची चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांनी ऑगस्ट १९८९मध्येच, मुख्य कारण पोलिसांचे नियंत्रण कोलमडणे हे होते, असा निष्कर्ष दिला होता. २०१२च्या स्वतंत्र चौकशी मंडळाने आणि २०१६च्या मृत्यूचौकशीतल्या ज्युरीनेही चाहत्यांना निर्दोष ठरवले. एवढे सगळे झाल्यावर आपल्या वाक्यात 'हुल्लडबाज' राहिला, तर शिळा आणि खोडून काढलेला आरोप आपण मराठीत नव्याने छापतो.

'जमाव' हा शब्दही जपून वापरा. वर हेझेलसाठी तो मुद्दाम वापरला आहे. 'जमाव' म्हटले की मागोमाग जमावबंदी, बेकायदा जमाव, जमाव पांगवला हे सगळे येते. तो बंदोबस्ताच्या बाजूने पाहणारा शब्द आहे. हिल्सबरोत नेमकी हीच नजर नडली. जाळीवर चढून जीव वाचवू पाहणारे लोक मैदानात घुसखोरी करत आहेत असे वाटून काही पोलिसांनी त्यांना परत आत लोटले आणि नियंत्रण कक्षाने कुत्र्यांचे पथक मागवले. तिथे 'प्रेक्षक' लिहा. तिकीट काढून सामना पाहायला आलेल्या माणसासाठी दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

टिपणात निकालाचा उल्लेख असेल तर तिथेही जपावे लागते. १९९१च्या मृत्यूचौकशीत ज्युरीने 'अपघाती मृत्यू' म्हटले. त्या चौकशीत ३ वाजून १५ मिनिटांनंतरचा पुरावा घेतलाच नाही, कारण तोवर सगळ्यांना जीवघेणी इजा होऊन गेली होती असे गृहीत धरले होते. पुढे २०१२च्या मंडळाने दाखवले की ४१ जण कदाचित वाचू शकले असते. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने जुना निष्कर्ष रद्द केला आणि २६ एप्रिल २०१६ रोजी नव्या ज्युरीने सांगितले की या माणसांना बेकायदेशीरपणे मारले गेले. याचे भाषांतर 'खून' असे करू नये, कारण हेतूचा प्रश्न तिथे नव्हता, घोर निष्काळजीपणाचा होता. 'सदोष मनुष्यवध' अर्थाने जवळचा आहे, पण 'दोषी ठरवले' हे त्याला जोडू नका. मृत्यूचौकशीत मृत्यू कसा झाला ते ठरते, आरोपीला शिक्षा होत नाही. डकनफील्ड यांची फौजदारी खटल्यात २०१९ साली निर्दोष सुटका झाली. मुंबईत १९९९पर्यंत कॉरोनर, म्हणजे मृत्यूचौकशी करणारा अधिकारी, होता, त्यामुळे जुन्या मुंबईकर वाचकाला हा भेद ओळखीचा असेल. इतरांसाठी एक वाक्य खर्च करावे. आणि एवढे वाचल्यावर 'अपघात' हा शब्द घटनेसाठी वापरू नये हे उघड आहे. कुटुंबांनी त्याच एका शब्दाविरुद्ध २५ वर्षे झुंज दिली. 'दुर्घटना' चालते.

'स्मृतिदिन' योग्य. 'दुर्घटनेचा वर्धापनदिन' असे हल्ली सर्रास दिसते, ते टाळा. वर्धापनात वाढ आणि मंगल हे दोन्ही अर्थ आहेत, तो संस्थेचा किंवा दुकानाचा असतो. 'पुण्यतिथी' व्यक्तीची. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहनबागान सामन्यात गॅलरीत उसळलेल्या दंगलीत १६ प्रेक्षक गेले. तिथे तो दिवस 'फुटबॉलप्रेमी दिवस' म्हणून रक्तदान करून पाळला जातो. 'पाळणे' हे क्रियापद अशा दिवसाला शोभते, 'साजरा करणे' नाही.

राहिला आकडा. जुन्या मजकुरात ९५ किंवा ९६ दिसले तर ती छपाईची चूक समजू नका. त्या दिवशी ९४ जण गेले, चार दिवसांनी एक मुलगा गेला. शेवटचा, ९७वा मृत्यू जुलै २०२१मध्ये झाला. तो त्या दिवशीच्या इजांमुळेच झाला असे मृत्यूचौकशीने ठरवले. अवतरणात जुना आकडा तसाच ठेवा, स्वतःच्या वाक्यात ९७ लिहा. ९६वा तरुण जवळजवळ चार वर्षे बेशुद्धावस्थेत होता. त्याचे कृत्रिम पोषण थांबवायला इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने परवानगी दिली आणि १९९३मध्ये तो गेला. तो निकाल 'एअरडेल विरुद्ध ब्लँड' या नावाने ओळखला जातो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली याच निकालाचा विस्ताराने आधार घेतला. निष्क्रिय दयामरणावर मराठीत तेव्हा जे भरभरून लिहिले गेले, त्याच्या मुळाशी असलेला तो रुग्ण हिल्सबरोच्या त्याच गर्दीत सापडलेला प्रेक्षक होता.