दिसत नाही, पण आहे कुठं ते कळतं : इनव्हिजिबिलिटीचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पाच जण दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावर गोष्ट रचत फाशांनी खेळायचा गेम खेळतो, पाचवी एडिशन, 2014 चं पुस्तक. मागच्या वेळी आमच्या विझर्डने (जादूगाराचं पात्र खेळणाऱ्याने) स्वतःवर इनव्हिजिबिलिटी, म्हणजे गुप्त व्हायचा स्पेल (मंत्र), टाकली आणि म्हणे आता गॉब्लिन (छोटा राक्षस) मला मारूच शकत नाही, त्याला मी कुठं आहे तेच माहिती नाही. डीएम (डंजन मास्टर, गेम चालवणारा) म्हणे माहिती आहे, फक्त दिसत नाही. इतकी वादावादी झाली की गेम तिथंच थांबला. बरोबर कोण? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : भाऊ, तुमचा डीएम बरोबर आहे. विझर्डची चूक होते ती इथं, की गुप्त झालो म्हणजे समोरच्याचे डोळे बंद झाले हे खरं, पण कान थोडीच बंद झाले?

माझ्या मामाची रावेरकडे केळीची बाग होती, उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरं तिच्यात लपाछपी खेळायचो. बाग घडावर आली की आत चार हातांवरचा माणूस दिसत नाही, पण खाली वाळलेल्या पानांचा थर असतो, पाय पडला की चर्र वाजतं, आणि मामा बांधावर बसल्या बसल्या मान पण न वळवता ओरडायचा, तिसऱ्या ओळीत कोण आहे रे, घडाला धक्का लावू नको! पण तेच जर उकिडवं बसून श्वास धरून राहिलो तर मग त्यालाही पत्ता लागायचा नाही.

रूल अगदी हाच आहे भो. नुसतं इनव्हिजिबल असाल तर आवाजावरून, पावलांच्या खुणांवरून जागा कळते, म्हणून गॉब्लिन वार करू शकतो, फक्त त्याला डिसॲडव्हान्टेज, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि कमीवाला धरायचा. तुमच्या विझर्डचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, 15 धरा, गॉब्लिनचा फाशात मिळवायचा बोनस 4, म्हणजे त्याला फाशावर 11 पाहिजे, एरवी हे शंभरात 50 वेळा पडतं, डिसॲडव्हान्टेजने 25 वेळाच. हा फायदा लहान आहे का? दुसऱ्या लेव्हलच्या एका स्पेलमध्ये अर्धा मार वाचला!

खरंच पत्ता लागू द्यायचा नसेल तर उकिडवं बसायचं, म्हणजे हाइड ॲक्शन घ्यायची, तुमचा स्टेल्थ (लपण्याचा आकडा) त्याच्या परसेप्शनच्या (चाहूल घेण्याच्या आकड्याच्या) वर गेला पाहिजे. मग गॉब्लिनला अंदाजानेच जागा धरावी लागते, अंदाज चुकला तर वार गेलाच वाया, फासा काही का पडेना. आणि इथं डीएमने एक गोष्ट पाळायची, फक्त वार चुकला एवढंच सांगायचं, जागा बरोबर होती की नव्हती ते तोंडातून काढायचं नाही. दशरथाने घागर भरल्याचा आवाज ऐकून बाण सोडला तेव्हा जागा बरोबरच होती, पण तिथं हत्ती नव्हता, श्रावण होता. आवाजावर वार करण्यात ही जोखीम आहे, ती टेबलवर जाणवली पाहिजे, मग मजा येते.

अजून एक, विझर्डने स्वतः वार केला किंवा दुसरा स्पेल टाकला की ही इनव्हिजिबिलिटी संपते. तो पहिला वार ॲडव्हान्टेजने, म्हणजे दोन फाशांतला जास्तवाला धरून, पडेल, पुढं तो सगळ्यांना दिसतोच. वार करूनही गुप्त राहायचं तर चौथ्या लेव्हलची ग्रेटर इनव्हिजिबिलिटी पाहिजे, पण ती एकच मिनिट टिकते. आणि दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन (स्पेलवर ध्यान धरून राहणं) लागतं, एखादा वार बसला आणि सेव्ह (बचावाचा फासा) हुकला तर स्पेल तिथंच सुटतो, हे लोक नेहमी विसरतात.

प्रश्न : दोघं पण इनव्हिजिबल असतील तर? (धुळे)

उत्तर : मग दोघांना ॲडव्हान्टेज आणि डिसॲडव्हान्टेज दोन्ही मिळतं, ते एकमेकांना कापतं, साधा एकच फासा टाका. पण तरी फरक राहतो, कारण अपॉर्च्युनिटी अटॅकला (जवळून निघून जाणाऱ्यावर मिळणारा वार) समोरचा दिसावा लागतो, त्यामुळे दोघंही एकमेकांजवळून आरामात निघून जाऊ शकतात. मॅजिक मिसाइल या स्पेललाही टार्गेट दिसावं लागतं, फायरबॉलला (आगीच्या गोळ्याचा स्पेल) नाही लागत, तो तुम्ही एका जागेवर टाकता, तिथं जो असेल तो भाजतो.

प्रश्न : मी घरीच माझ्या दोन मुलांना आणि त्यांच्या मित्रांना खेळवते, 2024 चे नवीन रूल आहेत. व्हिलन गुप्त केला की मुलं चिडतात, म्हणतात हे चीटिंग आहे. काय करू? (एक आई, चोपडा)

उत्तर : ताई, तुम्ही मुलांना घेऊन बसता हे वाचून इतकं बरं वाटलं. नवीन पुस्तकात गुप्त असणाऱ्याला इनिशिएटिव्हला (लढाईत कोणाची पाळी आधी, त्याचा फासा) पण ॲडव्हान्टेज मिळतं, म्हणून मुलांना तो जास्तच जड जात असेल. पण त्याच पुस्तकात हेही स्पष्ट केलंय की ज्याला तो कसाही दिसतो त्याच्यावर वाराचा हा फायदा चालत नाही, जुन्या शब्दांत इथं घोळ होता, सी इनव्हिजिबिलिटी (गुप्त असलेलं दिसायचा स्पेल) टाकली तरी डिसॲडव्हान्टेज राहतं असा अर्थ निघायचा. तर एखाद्या मुलाकडे तो स्पेल असू द्या, किंवा पहिल्या लेव्हलची फेअरी फायर द्या, तिच्यात व्हिलनचा सेव्ह हुकला तर त्याच्या अंगाभोवती उजेड दिसतो आणि गुप्त असण्याचा काहीच उपयोग राहत नाही, उलट मुलांना ॲडव्हान्टेज. पीठ किंवा गुलाल उधळायचं कोणी सुचवलं तर नाही म्हणू नका, पुस्तकात असा रूल नाही पण मी तरी एक राउंड व्हिलन दिसला असं धरतो, पोरं इतकी खूश होतात.

आणि दर टर्नला "तो दिसत नाही" एवढंच म्हणून थांबू नका, मुलं चिडतात ती तिथं. सांगा की डाव्या खांबाजवळ खडी वाजली, पाण्याच्या डबक्यात एक पाऊल उमटलं आणि पाणी परत भरलं, दिवा वारा नसताना हलला. मग बघा, सगळी टेबलावर वाकतील आणि एकदम बोट दाखवतील, तिथं आहे तो, तिथं!