इम्प्रेशनिस्ट चित्रांच्या फ्रेम केलेल्या प्रती घरासाठी कुठून घ्याव्यात? कॅनव्हासवरची घ्यावी की कागदावरची?

कॅनव्हास की कागद हे नंतर बघा. आधी जी प्रत घेताय तिच्या चारही कडा मूळ चित्राशी ताडून पाहा.

आमच्या वास्तुशांतीला दादाने गुस्ताव कायबॉत या फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकाराच्या ‘पॅरिस स्ट्रीट, रेनी डे’ची मोठी प्रत दिली, सोनेरी फ्रेममध्ये. पॅरिसशी माझा काही संबंध नाही, पण तो पाऊस मला ओळखीचा वाटला. चित्रात पावसाचा थेंब कुठे दिसत नाही, तरी दगडी फरसबंदीच्या चकाकीवरून रस्ता चिंब आहे हे कळतं. नऊ वर्षं सकाळचा चहा मी त्या चित्रासमोर घेतला. एका छत्रीखालून येणारं जोडपं, मधला हिरवा दिव्याचा खांब, सगळं पाठ झालं होतं.

मग लेकीकडे गेले असताना शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये मूळ चित्र पाहिलं. जवळजवळ सात फूट उंच, नऊ फूट रुंद. उजव्या कडेला आपल्याकडे पाठ करून चालणारा एक माणूस, अर्धा चौकटीबाहेर. त्याची आणि जोडप्याची छत्री आता एकमेकींना लागणार, असा क्षण. आमच्या प्रतीत हा माणूसच नव्हता! आणि आमचं आकाश पिवळट, इथलं निळसर. चित्रावरचं पिवळं पडलेलं जुनं व्हार्निश २०१३-१४ मध्ये काढलं. आमची प्रत त्याआधीच्या फोटोवरून केलेली.

परत आल्यावर दादाला विचारलं. म्हणाला, “अगं, भिंतीच्या मापात बसावं म्हणून दुकानदाराने कापलं. अर्धाच तर माणूस होता, काय बिघडलं?”

सगळं बिघडलं. कायबॉतने तो माणूस १८७७ मध्ये विचार करून अर्धा ठेवलाय. तो आहे म्हणून आपण त्याच्यामागे फुटपाथवर असतो. तो गेला की आपण खिडकीतून रस्ता बघणारे उरतो. दादाचं म्हणणं, नक्कलच आहे तर एवढा काय काथ्याकूट. माझं म्हणणं, अस्सल चित्र आपल्या घरी कधी येणार नाही, म्हणूनच नक्कल तरी पुरी हवी.

तर, तयार फ्रेम घेऊ नका. आर्ट इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर हे चित्र मोफत उतरवून घेता येतं. चांगल्या प्रिंटवाल्याकडून मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या कागदावर छापून घ्या. भिंत लहान असेल तर प्रत लहान करा, भोवती माउंट, म्हणजे कोऱ्या पुठ्ठ्याची किनार, सोडा, पण कात्री लावू देऊ नका. फ्रेमची पट्टी सोनेरी नको. इम्प्रेशनिस्ट चित्रकार पिसारोसुद्धा पांढऱ्या फ्रेम वापरायचा. कॅनव्हास मला आवडत नाही, कारण ताणून बसवताना कडा बाजूला दुमडल्या जातात आणि पुन्हा तेच होतं.

हो, पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयातली चित्रकार मोनेची कमळं हवी असतील तर तुकडा घेण्यावाचून इलाज नाही, ती चित्रं आख्ख्या दालनाला वेढून आहेत. तुकडा आहे हे विकणाऱ्याने सांगावं, एवढंच. आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर काहीच लावू नका.

आता आमच्याकडे २६ बाय २० इंचांची प्रत आहे, अर्ध्या माणसासकट. भाऊबीजेला दादा येईल तेव्हा त्याचा पाट मी तिच्यासमोरच मांडणार आहे.