मैदान फुकटचं, मग पैसे कशाचे देतील?

प्रश्न : मी जळगावचा, वय २६, बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालंय. पोलीस भरतीला दोनदा उतरलो पण लेखीत राहिलो. आता जिम टाकायला भांडवल नाही म्हणून मोकळ्या मैदानावर सकाळची फिटनेस बॅच सुरू केली. एप्रिलमध्ये हजार पॅम्प्लेट पेपरात टाकून वाटले, वर इन्स्टावर जाहिरात पण केली, आले चार जण, त्यातले दोन मित्रच. घरचे म्हणतात फुकटच्या मैदानावर पळायला कोण पैसे देईल. मार्केट रिसर्च कर असं सगळे सांगतात, पण तो करायचा म्हणजे नक्की काय करायचं?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, आधी एक सांग, एप्रिलमध्ये कोणी सुरू करतं का? आपल्याकडे तेव्हा पारा चाळिशीच्या पुढे असतो, मे मध्ये पंचेचाळीसला टेकतो, सात वाजताच ऊन लागायला लागतं. त्यात लग्नं, त्यात आखाजी (अक्षय्य तृतीया), म्हणजे निम्म्या लेकीसुना माहेरी झोक्यावर. चार आले हेच खूप झालं म्हण. आपल्याकडे हा धंदा खरा चालतो दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, तेव्हा आत्ता निराश न होता तोपर्यंतचा वेळ चौकशीत घाल.

रिसर्च म्हणजे लॅपटॉप उघडून बसणं नाही रे. मेहरूण तलावावर किंवा तुझ्या घराजवळ लोक जिथे चालतात तिथे सलग सात दिवस पहाटे पाच ते आठ जाऊन उभा रहा, खिशात छोटी वही ठेव आणि नुसतं मोज. किती आले, बाया किती, पन्नाशीपुढचे किती, पळणारे किती, एकटे किती आणि घोळक्याने किती. रविवार वेगळा लिही, त्या दिवशी गर्दी वेगळीच असते. मग बाहेरच्या चहावाल्याकडे बस. रोज कोण येतं, कोण आठ दिवसांत गायब होतं हे त्याला तोंडपाठ असतं, कुठल्याही सर्व्हेपेक्षा तो बरा.

आणि लोकांना "माझी बॅच लावाल का" असं विचारू नकोस, आपली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत, "हो हो येऊ ना" म्हणतात आणि येत नाहीत. त्यापेक्षा विचार की आधी जिम लावली होती का, किती पैसे भरले, किती दिवस गेलात, का सोडली. तिथे खरं बाहेर येतं. कोणी म्हणेल गुडघा दुखला, कोणी म्हणेल सगळी पोरंच होती, लाज वाटायची.

आता तुझं पॅम्प्लेट. पत्राबरोबर पाठवलंस ते समोरच ठेवलंय. त्यावर सिक्स पॅकवाला उघडा गडी आणि खाली "सर्वांसाठी". साडीवर स्पोर्ट शूज घालून रोज चार फेऱ्या मारणारी पंचेचाळिशीची बाई तो फोटो बघून काय म्हणेल? हे आपलं काम नाही. "सर्वांसाठी" लिहिलं की कोणालाच आपलं वाटत नाही. तू भरतीच्या पोरांकडे बघतोयस कारण तुला भरतीच्या मैदानी चाचणीतलं १६०० मीटर, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक येते, पण त्या पोरांकडे पैसे नसतात आणि त्यांना शिकवणारे सिनियर फुकट भेटतात. माझं मत विचारशील तर दोन वेगळ्या बॅच कर : पहाटे कमी फीमध्ये भरतीवाले, आणि नंतर फक्त बायकांची, त्या बॅचला जमलं तर एखादी ट्रेनर ताई जोडीला घे. कमाई दुसऱ्या बॅचमध्ये आहे.

घरचे म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. मैदानाचे पैसे कोणी देत नाही, पण कोणीतरी आपली वाट बघतंय, नाही गेलं तर फोन येतो, याचे देतात. म्हणून जो दोन दिवस आला नाही त्याला फोन करायचाच.

हिशोब कागदावर मांड. धर, जागेचं भाडं ३००० आणि बाकी किरकोळ २०००, फी ७००, म्हणजे आठ जणांत खर्च निघाला, नववा आला की तुझे सुरू. तीस झाले तर १६००० उरतात. सामान महागडं नको, शंकू, दोऱ्या, टायरवाल्याकडचं जुनं ट्रकचं टायर, गोणीत वाळू, झालं. जागेची परवानगी मात्र लेखी घे, मनपाचं उद्यान असो की शाळेचं मैदान, अर्जाची पोच जपून ठेव, नाहीतर महिनाभरात कोणीतरी बॅच उठवेल. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी साइटवर फुकट होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नकोस. आणि प्रत्येकाकडून पहिल्याच दिवशी बीपी, शुगर, छातीत दुखणं, गुडघे, जुनं ऑपरेशन असं सगळं लिहून घे, काही निघालं तर आधी डॉक्टरांना विचारून या म्हण.

जाहिरात शेवटी. गुगल मॅपवर बॅचची नोंद फुकट होते, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस पण फुकट, आणि इन्स्टाला पैसे घालायचेच तर तीन-चार किलोमीटरच्या आतलेच लोक निवड, भुसावळचा माणूस पहाटे साडेपाचला तुझ्याकडे येणार नाही. महिनाभर फुकट देऊ नकोस, तीन दिवस दे. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत, एकीच्या घरी वाद झाला तर दहा जणी जातील.

वही भरली की आकडे पाठव, फी किती ठेवायची ते तेव्हा बघू.