उंचावर जायचंय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

उंच इमारती आणि त्यांचे ऑब्झर्वेशन डेक एकेक करून पाहायचा ध्यास घेतलेल्या वाचकांची पत्रं आमच्याकडे येतात. त्यांतल्या निवडक पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : उंच इमारतींच्या माथ्यावर जायचं आणि एक यादी पुरी करायची, असं ठरवलं आहे. पण आपल्या गोव्यात चढण्याजोगं फारसं काहीच नाही. सुरुवात कुठून करू? (वाचक, डिचोली)

उत्तर : जवळपासूनच करा. मुरुडेश्वरचं राजगोपुर वीस मजल्यांचं आहे, उंची सुमारे ७२ मीटर, आणि अठराव्या मजल्यापर्यंत लिफ्ट जाते. मडगावहून कोकण रेल्वेने मुरुडेश्वर स्थानकावर उतरायचं, पुढे रिक्षा. सुटीच्या दिवशी लिफ्टची रांग लांबते, म्हणून सकाळीच वर जा. सकाळी जायचं आणखी एक कारण म्हणजे समुद्र पश्चिमेला आहे. दुपार कलली की ऊन समोरून येतं आणि शंकराची ३७ मीटरची मूर्ती फोटोत काळी पडते.

मग विजापूरचा गोलघुमट. तिथे लिफ्ट नाही. कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्यांतल्या अरुंद, उंच पायऱ्यांनी घुमटाच्या बुडाशी असलेल्या सज्जात पोचता येतं. कुजबुज पलीकडे ऐकू जाते ती हीच जागा, पण गर्दीच्या आरडाओरड्यात काही कळत नाही. दार उघडताच आत शिरा. पायऱ्या चढताना आपला दम किती टिकतो, उंचावर पाय लटपटतात का, हेही इथे स्वस्तात समजतं.

वेळ ठरवून तिकीट काढायची सवय व्हावी म्हणून तिसरा क्रमांक गुजरातमधल्या स्टॅच्यू ऑफ युनिटीचा. पुतळा १८२ मीटरचा, गॅलरी सुमारे १५३ मीटरवर, सोमवारी बंद. घरच्या घरी हवं असेल तर आग्वादला १९७६ सालचं दीपगृह आहे. ते २१ मीटरचंच, पण टेकडीवर उभं असल्यामुळे दृश्य मोठं दिसतं. झुआरी पुलाजवळ प्रेक्षक-मनोरे उभारायची योजना पुरी झाली, तर आपल्या यादीत गोव्याचंही एक मोठं नाव येईल.

कोणतंही ठिकाण निवडताना ‘किती उंच?’ हे मागाहून विचारा. ‘वर जाऊ देतात का?’ हे आधी. कुतुबमिनार ७३ मीटरचा आहे, पण १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर आतला जिना लोकांसाठी बंदच आहे. मुंबईतले सर्वांत उंच टॉवर म्हणजे लोकांची राहती घरं; तिथे पाहुण्यांसाठी डेक नाही.

प्रश्न : भाऊ शारजाला असतो. मे महिन्यात मुलांना घेऊन जाणार आहोत. बुर्ज खलिफाचं १२४ व्या मजल्याचं तिकीट घ्यावं की १४८ व्या? दोन्हींच्या दरात बराच फरक आहे. (वाचक, मडगाव)

उत्तर : मे महिन्यात जाणार असाल तर १२४ चं. त्यातच १२५ वा मजलाही येतो.

कारण हिशेबाने सांगतो. डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला ३.५७ ने गुणा. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळतं. १२४ वा मजला ४५२ मीटरवर आहे, म्हणजे क्षितिज सुमारे ७६ किलोमीटर. १४८ वा ५५५ मीटरवर, म्हणजे ८४ किलोमीटर. शंभर मीटर वर जाऊन वाढले फक्त आठ. अंतर दुप्पट हवं तर उंची चौपट लागते, हे त्या वर्गमुळामुळे. आणि उन्हाळ्यात दुबईच्या हवेत धूळ असते, खाडीवरचा दमटपणा असतो. नजर क्षितिजाच्या कितीतरी अलीकडेच अडते. जे दिसणारच नाही त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. १४८ व्या मजल्यावर गर्दी कमी असते, हा त्या तिकिटाचा खरा फायदा; वयस्कर माणसं बरोबर असतील तर तेवढ्यासाठी घ्यावं.

वेळ मात्र नीट साधा. सूर्यास्ताच्या आसपासची तिकिटं महाग असतात आणि लवकर संपतात. मेच्या मध्यावर तिथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. खालची तपासणी आणि रांग धरून तिकिटावरची वेळ सूर्यास्ताच्या किमान तासभर आधीची घ्या. म्हणजे उजेडातलं शहर, सूर्यास्त आणि दिवे, तिन्ही एकाच फेरीत होतात. सूर्य बुडाल्यावर लगेच उतरू नका. त्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत आकाश गडद निळं असतं आणि दिवे लागलेले असतात. तेवढ्यासाठीच तर तिथे जायचं!

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. जितकं उंच, तितका सूर्य उशिरा मावळतो. म्हणून २०११ साली दुबईच्या धर्मगुरूंनी या इमारतीत ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रमजानचा रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि १५० व्याच्या वर तीन मिनिटं, असं सांगितलं होतं.

पुढे कधी डिसेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर पहाटेचं धुकं लक्षात ठेवा. डेक धुक्याच्या वर असेल तर ढगांतून बाहेर आलेले शेंडे दिसतात. धुक्यातच असेल तर समोर पांढरी भिंत. आदल्या रात्रीचा अंदाज पाहा, आणि सकाळचं तिकीट फार आधी काढून ठेवू नका.

प्रश्न : वहीत नोंद करताना उंची कोणती लिहायची? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा सापडतो. (वाचक, फोंडा)

उत्तर : तुमचे पाय जिथे टेकले ती. बुर्ज खलिफा ८२८ मीटरची, पण तुम्ही उभे राहिलात ४५२ वर. वहीत ४५२ लिहा आणि इमारतीची उंची दुसऱ्या रकान्यात ठेवा.

आकडे वेगळे येतात कारण मोजायच्या रीती वेगळ्या आहेत. उंच इमारतींच्या नोंदी ठेवणारी सीटीबीयूएच ही आंतरराष्ट्रीय संस्था वास्तूच्या टोकापर्यंतची, वापरातल्या शेवटच्या मजल्यापर्यंतची आणि अँटेनासकट शेंड्यापर्यंतची, अशा उंची वेगवेगळ्या देते. मनोऱ्याचं टोक वास्तूचा भाग मानलं जातं, अँटेना मानली जात नाही. त्यामुळेच क्वालालंपूरचे ४५१.९ मीटरचे पेट्रोनास टॉवर शिकागोच्या ४४२ मीटर छताच्या, आज विलिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टॉवरच्या पुढे गेले. विलिसची अँटेना धरली तर तो ५२७ मीटर भरतो, आणि वाद आजही होतो. शिवाय निम्म्याहून जास्त उंचीत वापरातले मजले नसतील तर त्या बांधकामाला ते ‘इमारत’ म्हणत नाहीत. टोकियो स्कायट्री ६३४ मीटरचा, पण तो मनोरा. यादीत इमारती आणि मनोरे वेगळ्या पानांवर ठेवा.

डेक उघडा की काचबंद, त्या दिवशीची हवा कशी होती, आणि दूरची कोणती खूण नक्की ओळखली, एवढंही लिहा. दहा वर्षांनी वही चाळाल तेव्हा मजल्याच्या आकड्यापेक्षा शेवटचा रकानाच जास्त वाचाल.

प्रश्न : आईला सोबत न्यायचं आहे. तिचे कान लिफ्टमध्ये दुखतात, गुडघेही धरलेले असतात. (वाचक, वास्को)

उत्तर : दर शंभर मीटरला हवेचा दाब सुमारे १२ हेक्टोपास्कलने उतरतो. बुर्जची लिफ्ट सेकंदाला दहा मीटर चढते, म्हणजे मिनिटभरात दाब पाचेक टक्क्यांनी कमी होतो. चढताना कानातली जादा हवा आपोआप बाहेर पडते. उतरताना मात्र कान आणि घसा जोडणारी नळी स्वतः उघडावी लागते. त्यामुळे त्रास बहुतेकांना उतरतानाच होतो. दार बंद होताच आईंना गोळी चघळायला द्या आणि दर दोन-तीन सेकंदांनी गिळायला सांगा. कान दुखायला लागल्यावर सुरू करून उपयोग नाही. सर्दी असेल तर बेत पुढे ढकला.

गुडघ्यांना त्रास लिफ्टमुळे होत नाही, रांगेत उभं राहून आणि प्रवेशापासून लिफ्टपर्यंत चालून होतो. व्हीलचेअर मिळेल का, हे तिकीट काढतानाच विचारा आणि सकाळची पहिली वेळ घ्या.

प्रश्न : रात्रीच्या फोटोंत शहराऐवजी आम्हीच काचेत दिसतो. उपाय? (वाचक, म्हापसा)

उत्तर : तुमच्या पाठीमागचा उजेड बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून काच आरशासारखी वागते. फोनची लेन्स काचेला अगदी चिकटवा, भोवती काळी ओढणी किंवा जाकीट गुंडाळा. फ्लॅश बंद. फिकट शर्ट घालू नका, तोच आधी दिसतो. कॅमेरा असेल तर मऊ रबरी हूड लावा. तो दाबून थोडा कोन घेता येतो.

काच बहुधा दोन थरांची असते. तिरकं धरलं की प्रत्येक दिव्याशेजारी त्याचा फिका जोड उमटतो, म्हणून काचेला काटकोनात राहा. अल्ट्रावाइड टाळा, त्याच्या कडांनी खोलीतले दिवे आत येतात. फोन काचेवरच्या बोटांच्या डागांवर फोकस धरत असेल तर दूरच्या दिव्यावर बोट दाबून धरा, फोकस कुलूपबंद होईल; मग उजेड थोडा खाली ओढा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा. कणखर केलेल्या काचेतला ताण त्यातून इंद्रधनुषी पट्ट्यांसारखा दिसतो. ट्रायपॉड बहुतेक डेकवर चालत नाही, तेव्हा कोपरं कठड्यावर टेकवा. बुर्जच्या १२४ व्या मजल्यावरच्या उघड्या गच्चीत काचांमध्ये अरुंद फटी आहेत. तिथे हे काहीच लागत नाही, फक्त फोनची दोरी मनगटात घाला.

प्रश्न : काचेच्या फरशीवर उभं राहणं सुरक्षित असतं का? आणि इमारत हलते म्हणतात, ते खरं? (वाचक, साखळी)

उत्तर : दोन्ही खरं. फरशीत काचेचे अनेक थर एकमेकांना चिकटवलेले असतात. एक तडकला तरी बाकीचे वजन पेलतात. २०१४ साली विलिस टॉवरच्या काचेच्या सज्जात पायाखाली तडे गेले आणि जगभर बातमी झाली. तडकलं होतं ते वरचं संरक्षक आवरण. ओरखडे त्याच्यावर यावेत, काचेवर येऊ नयेत म्हणूनच ते असतं. भीती वाटत असेल तर आधी चौकटीच्या पट्टीवर पाय ठेवा, क्षितिजाकडे पाहा, श्वास स्थिरावला की मग खाली.

इमारत वाऱ्यात हलते आणि हलायलाच हवी. तैपेई १०१ मध्ये हा डोल आवरायला ६६० टनांचा गोळा टांगला आहे आणि तो पाहुण्यांना जवळून पाहता येतो. २०१५ च्या वादळात तो सुमारे मीटरभर हलला होता. सोसाट्याच्या वाऱ्यात लिफ्टचे दोर झुलू लागतात, म्हणून लिफ्टचा वेग कमी करतात किंवा ती थांबवतात. अशा दिवशी तिकीट असूनही थांबावं लागतं; परतीचं विमान त्याच संध्याकाळचं ठेवू नका.

प्रश्न : क्वालालंपूरला एकच दिवस आहे. पेट्रोनास की केएल टॉवर? (वाचक, पेडणे)

उत्तर : दृश्यासाठी केएल टॉवर. त्याचा डेक २७६ मीटरवर आहे, टॉवर स्वतः टेकडीवर आहे, आणि तिथून पेट्रोनासचे जुळे मनोरे समोर दिसतात. पेट्रोनासवर गेलात तर तेच दिसत नाहीत. रचनेची आवड असेल तर पेट्रोनास: ४१-४२ व्या मजल्यांवरचा पूल मनोऱ्यांना घट्ट जखडलेला नाही, ते डोलले की तो टोकांशी सरकतो. तिकिटं मोजकी असतात, सोमवारी बंद. कुठेही जा, सकाळीच. दुपारनंतर तिथे विजांसह पाऊस नेहमीचा.

प्रश्न : फुकटातली चांगली ठिकाणं? (वाचक, काणकोण)

उत्तर : टोकियोच्या महानगर शासन इमारतीचा ४५ वा मजला, २०२ मीटर, हवा स्वच्छ असली तर थंडीतल्या सकाळी फुजी दिसतो. लंडनला स्काय गार्डन, उंच इमारतीच्या माथ्यावरची बाग. तिथेही पैसे नाहीत, पण ऑनलाइन नोंदणी आधी करावी लागते आणि सूर्यास्ताच्या वेळा पहिल्यांदा जातात, म्हणून नोंदणी कधी उघडते ते पाहून त्याच दिवशी करा.